परत आला म्हणजे हरला नव्हे!



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे संगणकासमोर बसायची बंदी होती. आता डॉक्टरांनी परवानगी दिलीय आणि महिनाभर मनात साठलेलं एकदम बाहेर येणार आहे. आधीच सांगून ठेवते, आजचं लिखाण तिखट आहे. ज्यांना गोड वाचायचंय त्यांनी माझं श्रावणातलं पुरणाच्या दिंडांवरचं जुनं लिखाण उघडावं. आज कोल्हापुरी रस्सा आहे!

राग कशाचा आलाय? एका वाक्याचा. "तिकडं जमलं न्हाई वाटतं पोराला."

आमच्या शिवाजी पेठेत, आमच्या घरापासून फार लांब नाही अशा एका गल्लीतला मुलगा अमेरिकेतून परत आलाय. नऊ वर्षं तिकडं होता. त्याचं नाव, गल्ली काही सांगणार नाही, कारण त्याच्या आईला आधीच पुरेसा त्रास झालाय. ती बिचारी कपिलतीर्थ मार्केटात भाजीला गेली की मेथीची जुडी हातात घ्यायच्या आत प्रश्न सुरू. "का आला म्हणायचा?" "नोकरी गेली काय?" "व्हिसाचं कायतरी झालं असंल." पोराला आपल्या गावात राहावंसं वाटलं असेल, इथं काही करायचं डोक्यात असेल, ही शक्यता कुणाच्या मनाला शिवतसुद्धा नाही. आणि नोकरी गेली असेल तरी काय झालं? नोकरी जाणं म्हणजे काय चोरी पकडली जाणं आहे?

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी हे लिहिलं नसतं. त्याचं लग्न ठरत आलं होतं. बोलणी झाली होती, दोन्हीकडच्या मंडळींचं जाणंयेणं सुरू झालं होतं. मुलगा कायमचा परत आला म्हटल्यावर मुलीच्या मामांचा निरोप आला, "तिकडं असता तर विचार केला असता." मुलगा तोच, शिक्षण तेच, स्वभाव तोच. फक्त पत्ता बदलला, आणि पत्त्याबरोबर त्याची किंमतही उतरली. बाजारात म्हशीचा भाव करतानासुद्धा लोक दूध बघतात हो. इथं नुसता गोठा बघितला!

आता तो मुलगा संध्याकाळी रंकाळ्यावर जायचंसुद्धा टाळतो. कुणी भेटेल आणि विचारेल म्हणून.

मंडळी, हे एका घराचं दुखणं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावायचा हुकूम काढला. त्याच्या आधीपासूनच तिकडच्या मोठमोठ्या कंपन्यांत नोकरकपात चालली होती. पुढच्या काळात अशी कितीतरी मुलं परत येणार आहेत, काही मनानं, काही नाइलाजानं. त्यांचं आपण काय करणार आहोत? सगळ्यांनाच मेथीच्या जुडीसमोर उभं करून उलटतपासणी घेणार?

आपली कौतुकाची रीत बघा. पोरगं परदेशी निघालं की चौकात डिजिटल बोर्ड लागतो. त्याचा गॉगल घातलेला फोटो, खाली पन्नास शुभेच्छुकांची नावं, वर "अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन". परत आलेल्याच्या स्वागताचा बोर्ड लागलेला माझ्या उभ्या आयुष्यात मी पाहिलेला नाही. जाणाऱ्याला हार आणि येणाऱ्याची चौकशी!

तेच मोठ्या माणसांच्या बाबतीत. २०१४ साली सत्या नाडेला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झाले, २०१५ साली सुंदर पिचाई गुगलचे झाले, तेव्हा इथल्या क्लासवाल्यांनी त्यांचे फोटो पत्रकांवर छापले. डिसेंबर २०२१ मध्ये लीना नायर शॅनेल या जगप्रसिद्ध कंपनीच्या प्रमुखपदी निवडल्या गेल्याची बातमी आली, तेव्हा तर कोल्हापूरकरांची छाती दोन इंच फुगली. फुगायलाच हवी होती! इथल्या होली क्रॉस शाळेत शिकलेली, सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झालेली मुलगी एवढ्या उंचीवर जाते, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेल्या मला तर ती जास्तच आनंदाची.

माझं भांडण या माणसांशी नाही. माझं भांडण आपल्याशी आहे. दुसऱ्यानं उभारलेल्या कंपनीत सगळ्यात वरच्या खुर्चीवर बसणं एवढीच एक यशाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. दुसरी गोष्ट आपल्याकडे आहे, आपल्याच भाषेतल्या माणसाची आहे, आणि ती आपण सांगत नाही. म्हणून आज मी सांगणार आहे.

पुण्याची 'पर्सिस्टंट सिस्टिम्स' ही कंपनी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. सेनापती बापट रस्त्यावरून जाताना 'भगीरथ' नावाची इमारत दिसते ना, ती यांचीच. ती कंपनी काढणारे डॉ. आनंद देशपांडे. मराठी घरातले, वाढले भोपाळला. १९८४ साली खरगपूरच्या आयआयटीतून कॉम्प्युटर सायन्समध्ये बी.टेक. झाले. तिथून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात गेले आणि १९८९ मध्ये डेटाबेस या विषयात पीएच.डी. मिळवली. मग कॅलिफोर्नियात पालो आल्टोला ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत नोकरी. म्हणजे संगणकाच्या पंढरीत थेट गाभाऱ्यात प्रवेश म्हणा ना!

इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. याच्या पुढे आपल्या मनात काय येतं? ग्रीन कार्ड, मोठं घर, पंधरा-वीस वर्षांनी मोठं पद, आणि मग आपल्या चौकात बोर्ड. पण देशपांडे १९९० साली परत आले आणि पुण्यात स्वतःची कंपनी काढली.

१९९० साल काय होतं ते तरुण वाचकांना ठाऊक नसेल. घरी फोन यायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं. परदेशातून संगणक आणायचा तर परवाने आणि भरमसाट जकात. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते ऑगस्ट १९९५ मध्ये, म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी. देशाची तिजोरी इतकी रिकामी की १९९१ मध्ये सोनं परदेशात गहाण टाकायची पाळी आली. मला ते दिवस पक्के आठवतात. शिक्षक-खोलीत आम्ही बायका डोक्याला हात लावून बसलो होतो, आपल्या मंगळसूत्रापर्यंत येतं की काय! अशा वर्षी हा माणूस पालो आल्टोची नोकरी सोडून पुण्याला आला. त्या काळात किती जणांनी "तिकडं जमलं नसेल" म्हटलं असेल, कल्पना करा.

बरं, नाव काय ठेवलं कंपनीला? 'पर्सिस्टंट'. मला आधी वाटलं, चिकाटी या अर्थानं ठेवलं असेल. भाच्यानं समजावून सांगितलं की तो त्यांच्या शास्त्रातला शब्द आहे. मी तुम्हाला मास्तरणीच्या भाषेत सांगते. वर्गात मुलं पाटीवर गणित करतात. तास संपला की पाटी पुसली, गणित गेलं. पण हजेरीपुस्तकातली नोंद राहते. शाळा सुटली, वर्ष संपलं, मास्तर निवृत्त झाले तरी राहते. संगणकात कार्यक्रम चालू असताना जी माहिती त्याच्या तात्पुरत्या स्मरणात असते ती पाटीवरची, काम संपलं की गेली. जी टिकते, उद्या पुन्हा काढून वाचता येते, ती पर्सिस्टंट. डेटाबेसचं सगळं शास्त्र या हजेरीपुस्तकाभोवती आहे. पुस्तक कसं ठेवायचं, लाखो नोंदींतून हवी ती चटकन कशी शोधायची, एकाच वेळी दहा जणांनी लिहायला घेतलं तर गोंधळ कसा टाळायचा. देशपांडे यांना हे काम येत होतं, आणि त्या वेळी ते येणारी माणसं जगात फार नव्हती.

इथंच मला या गोष्टीतलं खरं मर्म दिसतं. ते रिकाम्या हातानं आले नाहीत. तिकडून शिकलेली एक विद्या घेऊन आले आणि ती इथल्या मुलांच्या हातात दिली. त्या काळात आपल्याकडच्या बऱ्याच संगणक कंपन्या म्हणजे परदेशी गिऱ्हाईकांना माणसं पुरवायच्या, किंवा त्यांचे हिशेबाचे कार्यक्रम लिहून द्यायच्या. पर्सिस्टंटनं धरलेली वाट निराळी होती. जगातल्या सॉफ्टवेअर कंपन्या बाजारात जी उत्पादनं विकतात, त्या उत्पादनांचे आतले भागच इथं तयार करून द्यायचे.

कोल्हापूरकरांना हे समजायला काही अवघड नाही. शिरोलीची, गोकुळ शिरगावची फौंड्री डोळ्यांसमोर आणा. परदेशी कंपनीचा नकाशा येतो, आपला पॅटर्नमेकर पॅटर्न करतो, भट्टी पेटते, कास्टिंग तयार होतं, मशीनवर चढतं आणि जहाजानं जातं. तिकडच्या गाडीच्या पोटात कोल्हापूरचा भाग बसतो. वर नाव त्यांचं असतं, पण आतला भाग नीट नसेल तर गाडी हलत नाही. पर्सिस्टंटनं हेच केलं, फक्त लोखंडाच्या जागी कोड.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण आकड्यांचा मला कंटाळा आहे. कंपनीच्या प्रवर्तकांत देशपांडे यांचे वडीलही होते. सुरुवात अगदी लहान. वीस वर्षं काम करून कंपनी एप्रिल २०१० मध्ये शेअर बाजारात आली, शेअर दिला ३१० रुपयांना. मार्च २०२३ ला संपलेल्या वर्षात तिची उलाढाल एक अब्ज डॉलरच्या वर गेली होती आणि काम करणारी माणसं वीस हजारांवर. नागपूर आणि गोव्यातही त्यांची केंद्रं झाली. आपल्याच पेठेत डोकावून बघा, 'पोरगं पर्सिस्टंटला आहे' असं सांगणारं एखादं घर सापडेल. त्या पोराला अमेरिकेला जावं लागलं नाही, कारण त्याच्या आधी एक जण तिकडून परत आला होता. हे तेवढं सोपं आहे. आणि मुलीच्या मामांना हे कळत नाही!

आणखी एक गोष्ट. २०१९ मध्ये देशपांडे यांनी कंपनीचं रोजचं प्रमुखपद बाहेरून आणलेल्या माणसाकडे सोपवलं, २०२० मध्ये ते संदीप कालरा यांच्याकडे आलं, आणि स्वतः अध्यक्ष म्हणून राहिले. लहान उद्योग करणाऱ्यांना हात द्यायला त्यांनी 'दे आसरा' नावाची संस्थाही काढली. आपल्याकडे ऐंशी वर्षांचे आजोबा दुकानाच्या गल्ल्याची किल्ली कमरेची सोडत नाहीत. धडधाकट माणूस खुर्चीवरून उठला की आपण म्हणतो, "काढला असंल." खाली उतरणं, बाजूला होणं, मागे वळणं, यातलं काहीही माणूस स्वतःच्या अकलेनं करू शकतो यावर आपला विश्वासच नाही. आपल्याला फक्त चढणं कळतं.

आता तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे. पस्तीस वर्षं वर्गावर घालवलीत, शेवटच्या बाकावरचा कोणता हात कशासाठी वर झालाय ते कळतं. एकेकाला उत्तर देते.

पहिला आक्षेप: "बाई, तुम्ही पोरांना अडवताय. तिकडं संधी जास्त आहेत."

मुळीच अडवत नाहीये. जावं, खुशाल जावं. सुहास पाटील यांचंच बघा. खरगपूरच्याच आयआयटीचे, १९६५ च्या सुमाराचे. पुढे एमआयटीतून डॉक्टरेट, युटा विद्यापीठात प्राध्यापक, आणि १९८१ साली तिकडंच कंपनी काढली. पुढे तिचीच 'सिरस लॉजिक' झाली. स्वतःचा कारखाना न ठेवता चिपची रचना करायची आणि ती घडवून दुसऱ्याकडून घ्यायची, ही पद्धत ज्यांनी रुजवली त्यांत या कंपनीचं नाव घेतात. १९८१ च्या भारतात हे काम उभं राहणं कठीणच होतं. ते तिकडं राहिले म्हणून ते काम झालं. शिवाय नव्या उद्योजकांना मदत करणारी 'टाय' ही संघटना १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात निघाली, तिच्या उभारणीतही ते पुढे होते. तेव्हा तिकडं राहणारा वाईट आणि परत येणारा चांगला असं माझं म्हणणं नाही. न्यू जर्सीचा माझा भाचा हे वाचणारच. बाबा रे, तुला परत ये म्हणायला हे लिहीत नाहीये, उगाच तुझ्या बायकोनं फोन करू नये! ज्याच्या कामाला जी जागा योग्य, तिथं त्यानं असावं. माझं म्हणणं इतकंच की ती जागा इथं असू शकते, आणि इथं आहे म्हणून तिला पराभव म्हणू नये.

दुसरा आक्षेप: "देशपांडे आयआयटीचे, वर पीएच.डी. आमच्या पोरांची बरोबरी कशाला करता?"

बरोबरी करत नाही. उलट हाच माझा मुद्दा आहे. ज्याला तिकडं राहायला सगळे दरवाजे उघडे होते, तो परत आला. म्हणजे परत येणं हा नापासाचा दाखला नसतो, हे सिद्ध झालं की नाही? भूमितीत एक उलटं उदाहरण सापडलं तरी प्रमेय खोटं ठरतं. मी भाषा शिकवायचे, पण एवढी भूमिती मलाही येते.

तिसरा आक्षेप: "ही काय देशसेवा आहे होय? पैसाच मिळवला ना शेवटी?"

मिळवला. कंपनी ही काही धर्मशाळा नव्हे. मी त्यांना हुतात्मा म्हणत नाहीये, आणि त्यांचं देऊळही बांधा म्हणत नाहीये. परत येणाऱ्याच्या गळ्यात देशभक्तीची माळ घालायची, हाही आपला एक ढोंगीपणाच आहे. एकतर तो हरलेला, नाहीतर तो संत! मधला साधा माणूस, ज्यानं हिशेब मांडला, आपल्या विद्येचा उपयोग कुठं जास्त होईल ते पाहिलं, आईवडील, भाषा, गाव यांचाही त्या हिशेबात विचार केला आणि निर्णय घेतला, तो आपल्याला दिसतच नाही. त्याला साधा माणूस म्हणून राहू द्या की.

चौथा आक्षेप जरा खरा आहे, म्हणून शेवटी घेते: "ते पुण्याला परत आले. कोल्हापूरला कोण येतंय?"

हे मात्र लागलं. परत येणाऱ्यासाठी गाव तयार असावं लागतं. पुण्यात १९८८ साली सी-डॅक निघालं होतं, विद्यापीठ होतं, इंजिनिअरिंग कॉलेजं होती. सरकारनं सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क काढायचे ठरवले तेव्हा पहिल्या तिनांत बंगळूर आणि भुवनेश्वरबरोबर पुणं होतं. आणि तरीही पुण्यानं एकदा हातचं घालवलं आहे, हे विसरू नका. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली, १९८३ मध्ये बंगळूरला गेली. बाकीचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. गाव माणसाला धरून ठेवतं किंवा सोडून देतं, आणि दोन्हीची फळं पन्नास वर्षं भोगतं.

मग कोल्हापूरचं काय? आम्हाला हे नवीन नाही हो. आमच्या गावाला परत येणाऱ्याची कदर होती. विसरलोय आम्ही.

आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. एकवीस वर्षांची मुलगी. त्यांना नोकरी कुणी देऊ केली? कोल्हापूर संस्थानानं. इथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो तिथं, बायकांच्या विभागाचं प्रमुखपद. परदेशी जाऊन आलेल्या बाईला समाज वाळीत टाकायला बसला होता, त्या काळात! दुर्दैव असं की त्या परतल्या तेव्हाच क्षयानं खंगल्या होत्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. कोल्हापूरला रुजू होणं त्यांच्या नशिबी नव्हतं. पण कोल्हापूरनं जागा ठेवली होती, ही गोष्ट राहतेच.

दुसरं उदाहरण याच्या उलट सुरू होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. एवढा विद्वान माणूस, पण त्यांना राहायला कुणी खोली देईना. पारशी वसतिगृहात आसरा घेतला, तिथूनही बाहेर काढलं. मी आजच्या आयटीतल्या मुलाच्या मोडलेल्या लग्नाची त्या अपमानाशी तुलना करत नाही, तो अपमान जातीचा होता, त्याला तोड नाही. पण त्या अपमानानंतर तीन वर्षांनी काय झालं ते आपण अभिमानानं आठवायला हवं. मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगावात परिषद भरली. स्वतः शाहू महाराज तिथं गेले आणि हा तुमचा पुढारी आहे, असं त्यांनी लोकांना सांगितलं. पुढे बाबासाहेब अपुरं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले, त्यालाही महाराजांनी हातभार लावला. परत आलेल्याला मान द्यायचा आणि पुन्हा जायचं असेल तर वाटखर्चही द्यायचा! शाहूंच्या नावानं आपण चौकाचौकात पुतळे उभे केले, त्यांची ही रीत मात्र घेतली नाही.

तेव्हा, मंडळी, आयटी पार्क कधी होईल ते सरकार जाणे. मी त्यावर बोलणार नाही, कारण त्याच्या गप्पा ऐकता ऐकता माझे केस पांढरे झाले. मी सांगतेय ते काम फुकटात होणारं आहे आणि त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

एक, परत आलेल्या मुलाच्या आईला "का आला?" हे विचारू नका. "आता काय करायचं म्हणतोय?" हे विचारा. दोन्हीत मोजकेच शब्द आहेत, पण पहिल्यानं माणूस आरोपी होतो आणि दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यावंसं वाटतं.

दोन, शाळा-कॉलेजवाल्यांनो, गुणगौरव समारंभाला पाहुणे म्हणून अशा मुलांना बोलवा. अमेरिकेत कसं पोहोचलो यावर भाषणं पुष्कळ झाली. तिकडं काय शिकलो आणि त्यातलं इथं काय उपयोगी पडेल, यावर होऊ द्या एखादं. समोर बसलेल्या मुलांपैकी बरीच मुलं अमेरिकेला जाणारच नाहीत. त्यांच्यासाठी कुणी बोलायचं?

तीन, उद्यमनगरातल्या कारखानदार मंडळींनो, तुमच्याकडे भट्टी आहे, मशीन आहेत, परदेशी गिऱ्हाईक आहे. या परत आलेल्या मुलांकडे तुमच्या कामाला लागणारी नवी विद्या असू शकते. एकदा चहाला बोलावून बघा. पगार अमेरिकेचा देता येणार नाही, तो ते मागणारही नाहीत. काम मात्र त्यांच्या तोलाचं द्या. नुसता संगणक दुरुस्त करायला बोलावू नका, हात जोडते!

आणि चार, मुलीच्या मामांनो. हे तुम्ही वाचत असाल असं नाही, पण तुमच्या घरातलं कुणीतरी वाचत असेल. पोरगी देताना पोरगा बघा. त्याचा पासपोर्ट बघून काय करणार? पासपोर्टाला दहा वर्षांची मुदत असते. संसाराला त्याहून जास्त लागते.

फुटबॉलवेड्या पेठेत राहतेय म्हणून शेवटी एक सांगते. गांधी मैदानावर सकाळी खेळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, बॉल मागे देणं म्हणजे हरणं काय? तो हसेल तुम्हाला. मागे दिलेल्या बॉलवरनंच पुढची चाल रचली जाते, हे आमच्या पेठेतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मोठ्यांना कधी कळणार?

असो. डोळ्यांतून पाणी यायला लागलंय, ते रागाचं नाही, ऑपरेशनचं आहे. पटलं तर कळवा, नाही पटलं तर जरूर कळवा. आणि तुमच्या गल्लीत कुणी परत आलं असेल, तर आज संध्याकाळी त्याला घेऊन रंकाळ्यावर एक चक्कर मारून या.

ता.क. : सांगलीच्या वन्संनी मागच्या वेळी विचारलं होतं, दिंडांना गूळ किती घालायचा. डाळीच्या बरोबरीनं घाला, कमी करू नका. मधुमेह असेल तर दिंडं कमी खा, गूळ कमी नको!